जमनाबाईंची ओहोटी

पाण्याचे फोटो कसे काढायचे ते पालघरमध्ये मला विचारावं, असा माझा तीस वर्षांचा समज होता. स्टेशनच्या पश्चिमेला माझं ‘अंकुश फोटो’ नावाचं दुकान आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, फ्रेमा ही पोटाची कामं. जीव मात्र सगळा पाण्यात. वाघोबा खिंडीतला धबधबा, सूर्या नदीचं वळण, केळव्याच्या लाटा, सगळं मी टिपलंय. कॅमेऱ्यापुढे काळी काच लावायची, दोन सेकंद पडदा उघडा ठेवायचा, की खळाळणारा धबधबा रेशमासारखा गुळगुळीत येतो. तसा एक धबधबा तीन फुटी फ्रेम करून मी काउंटरच्या मागे टांगला होता. गिऱ्हाईकाची मान तिकडे वळल्याशिवाय मी त्याचं पाकीट हातात देत नसे.

जमनाबाई तामोऱ्यांची मान काही वळत नव्हती. चिंचणीच्या या बाई पालघरच्या बाजारात सुके बोंबील विकायला येतात. गेली तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी पाटी रिकामी करून त्या माझ्या दुकानात यायच्या, मोबाइल पुढे करायच्या आणि एकच प्रिंट मागायच्या. दर वेळी तोच फोटो. डाव्या कोपऱ्यात देवळाचा झेंडा, उजवीकडे एक माड आणि मधे खाडीच्या तोंडावरचा नुसता चिखल, खडक नि वाळू. प्रिंट हातात आली की उलटी करून पेनाने मागे तिथी लिहायची आणि पदराखालच्या पिशवीत टाकायची. त्यांच्या फोटोत नवरा नाही, पोरं नाहीत, सणवार नाही.

मला राहवेना. एकदा म्हटलं, “जमनाबाई, समुद्रकाठी राहता आणि चिखलाचे फोटो काढता? भरतीला काढा की! लाटा कशा उसळतात. हा बघा, याला म्हणतात पाण्याचा फोटो.” असं म्हणून मी माझ्या धबधब्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी तो पहिल्यांदा नीट पाहिला. “पानी नासलं हाय का ओ भाऊ? दूध फाटल्यावानी दिसते.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुकानातली दोन गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. मी प्रिंट काढून दिली.

जाता जाता बाई म्हणाल्या, “भरतीचं पानी खोटं बोलते, भाऊ. सगलं झाकून ठेवते. ओहोटीचं पानी खरं.”

मला वाटलं, बोंबीलवाल्यांची काहीतरी म्हण असेल.

यंदा आमच्या छायाचित्रकार मंडळानं जुलैच्या अखेरीला प्रदर्शन ठरवलं. विषय होता ‘पाणी’, जागा कोळगावला, जिल्हा मुख्यालयातलं एक दालन. निवडीला आम्ही तिघं होतो आणि यादी कॉलेजात शिकवणाऱ्या हिमानीकडे होती. चाळीस फ्रेमा लागणार होत्या आणि फोटो आले दीडशेच्या वर. त्यात एक लिफाफा जमनाबाईंचा निघाला. आत तोच चिखल, मागे ‘ज्येष्ठ अमावास्या’. मी हसलो आणि म्हणालो, “विषय पाणी आहे आणि या फोटोत सगळं आहे, पाणी तेवढं नाही.” फोटो बाद झाला, आणि तो का बाद झाला ते हिमानीनं बाईंना कळवलं. दाराजवळची मानाची जागा कोणाला द्यायची यावर फार चर्चा झाली नाही. ती माझ्या धबधब्याला मिळाली.

शुक्रवारी, म्हणजे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, जमनाबाई दुकानात आल्या. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. पण बाईंनी ना तक्रार केली ना विनवणी. पिशवीतून प्रिंटांचा गठ्ठा काढला, माझ्या काउंटरवरचे अल्बम बाजूला सारले आणि एकाखाली एक सहा फोटो मांडले. “हे बगा. वरून खाली.”

मी पाहिलं. झेंडा तिथेच. माड तिथेच. खाडीच्या तोंडात उभ्या असलेल्या काठ्याही तिथेच. या काठ्या म्हणजे बोटींच्या वाटेची खूण. दोन काठ्यांमधून बोट घातली की खाली खोल पाणी, असा गावाचा पिढ्यानपिढ्यांचा नेम. आणि त्या सगळ्याच्या मधून एक काळपट पट्टा गेला होता, ओहोटीतही न आटणाऱ्या खोल पाण्याचा. पहिल्या फोटोत तो काठ्यांच्या थोडा उत्तरेला होता. दुसऱ्यात आणखी थोडा. सहाव्यात काठ्या कोरड्या खडकावर उभ्या होत्या आणि पाणी त्यांच्यापासून पार लांबून चाललं होतं.

“पानी कुठं हाय, असं बोललात ना तुमी?” बाईंनी त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “हे काय हाय मग?”

तीस वर्षं पाण्यामागे कॅमेरा घेऊन हिंडलेला माणूस मी. तीन वर्षं हेच फोटो माझ्याच मशीनमधून काढून दिले होते, आणि एकदाही पाहिले नव्हते. मला शरम वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान प्रदीप तामोरे हे चाळीस वर्षं तांडेल होते. बोटीचं सुकाणू ज्याच्या हातात तो तांडेल. तीन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, अर्ध्या ओहोटीला ते बोट घेऊन परत येत होते. काठ्यांमधूनच घातली आणि बोट खडकावर बसली. तळ फुटला. माणसं वाचली, पण प्रदीपरावांचं खुब्याचं हाड मोडलं. गावानं ठरवून टाकलं की म्हाताऱ्याची नजर गेली, हात हलला, काठ्या सोडून भलतीकडे घुसला. तेव्हापासून त्यांना कोणी तांडेल म्हणत नाही. ‘खडक्या प्रदीप’ म्हणतात. ते घरात बसून जाळी विणतात आणि समुद्राकडे पाठ करून बसतात.

“मी रोज त्यांची पाठ बगते,” जमनाबाई म्हणाल्या. “हात हलला नाय त्यांचा. काठ्याच खोट्या हायत.”

“मग गावात सांगितलं नाही?”

“सांगितलं की! बाई बोटीवर जात नाय, तिला पान्यातलं काय कलते, असं बोलले. किनाऱ्यावर उभं ऱ्हायलं तर वाळू न् पानी एका रेषेत दिसते. वरून बगायला पायजे.” म्हणून त्या दर अमावास्येला नि पौर्णिमेला बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर चढायच्या. त्या तिथींना आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला भरती आणि सकाळी सहाच्या सुमाराला सगळ्यांत खोल ओहोटी. उजेड कोवळा आणि पाणी तळाला. कठड्याला एक खाच होती, तिच्यात मोबाइल टेकवायचा, म्हणजे चौकट हलत नाही. हे सगळं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी तिपायी घेऊन हिंडतो आणि माझी चौकट हलते.

“एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, भाऊ. बोटी ह्याच काठ्यांमधनं जातील. भरतीला खडकावरनं निभते, ओहोटीला नाय. यंदा आनखी कोन बसला खडकावर तर?”

मी विचारलं, “पण हे गावातच लावा ना. प्रदर्शन कशाला हवं?”

बाई पहिल्यांदा हसल्या. “गावात दाखवला तर बाईचा फोटो. कोलगावला सरकारी भिंतीवर दाखवला तर कागद. सोमवारी सगली मंडली हंगामाचे कागद करायला तिथंच येनार हायत.”

म्हणजे बाईंनी महिनाभर आधी सगळं आखून ठेवलं होतं. आमच्या मंडळात इतकी अक्कल असती तर आज आमची स्वतःची इमारत उभी राहिली असती.

कालच्याच आषाढ अमावास्येचा ताजा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता. तो मी तीन फुटी काढला. फ्रेम नव्हती, म्हणून काउंटरमागचा धबधबा उतरवला, त्याच्या फ्रेममधून रेशीम बाहेर काढलं आणि चिखल आत बसवला. चाळीसच जागा होत्या, तेव्हा हिमानीला फोन केला की माझं नाव काढ आणि जमना तामोरे लिही.

“काका, ताप आहे का तुम्हाला?” तिनं विचारलं.

“होता,” मी म्हटलं. “उतरला.”

शनिवार-रविवारी लोक आले, त्या फोटोपुढे थबकले आणि पुढे गेले. एका साहेबांनी विचारलं, “हा चुकून लागलाय का?” मी म्हटलं, “सोमवारी या.”

सोमवारी दुपारी बाराला कागदांचं काम आटोपून पंधरा-वीस चिंचणीकर उन्हातून सावलीला म्हणून दालनात शिरले. पुढे निमेश पागधरे, त्यांच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष, पस्तिशीचा तगडा तांडेल. जमनाबाई दाराशी उभ्या होत्या. धबधब्यांकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पण फ्रेमपाशी एक जण थांबला.

“आरे, ही आपली खाडी हाय!”

बघता बघता सगळे जमले. काचेवर बोटं फिरायला लागली. हा माझा बांध, हा तुझा खडक. मग एकदम आवाज खाली आला. निमेशचं बोट काठ्यांवर थांबलं होतं. काठ्या बुडापर्यंत उघड्या, कोरड्या. तिथून ते बोट हळूहळू उत्तरेकडे सरकत काळ्या पट्ट्यावर गेलं.

“तीस वाव,” तो पुटपुटला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं तेवढं अंतर. “तीस वाव तरी सरकलंय पानी. आन् आमी एक तारखेला याच काठ्यांतनं जानार होतो.”

मग कोणीतरी म्हणालं, “ह्या पावसातच सरकलं असनार.”

याचीच वाट पाहत असल्यासारख्या जमनाबाई पुढे आल्या. त्यांनी पिशवीतून गठ्ठ्यातली पहिली, कोपरे झिजलेली प्रिंट काढून निमेशच्या हातात दिली. “मागं वाच.”

निमेशनं मोठ्यानं वाचलं. “मार्गशीर्ष अमावास्या.”

“तीन वर्सांमागची. ह्यांची बोट द्वादशीला बसली,” बाई म्हणाल्या. “हा फोटो तिसऱ्या दिवसाचा. आता पुढनं बग. पानी काठ्यांत हाय का?”

नव्हतं. तेव्हाही दहा वाव उत्तरेला होतं. निमेशनं ती प्रिंट शेजारच्याला दिली, त्यानं पुढच्याला. ती हातोहात सगळ्या घोळक्यातून फिरून परत आली.

“काकांनी काठ्या सोडल्या नव्हत्या,” निमेश म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. “काठ्या धरल्या म्हनून बोट फुटली. सोडल्या असत्या तर वाचली असती.”

जमनाबाई रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “हे मला नको सांगू. घरी जाऊन त्यांना सांग.”

त्याच संध्याकाळी तो गेला. एकटा नाही, सगळ्यांना घेऊन. प्रदीपराव ओटीवर जाळं विणत बसले होते, नेहमीसारखी पाठ करून. तिथे काय बोलणं झालं ते मला जमनाबाईंकडूनच कळलं. निमेश म्हणाला, “काका, उद्या काठ्या हलवायच्या हायत. पयली काठी तुमी रोवा.” प्रदीपरावांनी हातातली गाठ पुरी केली. मग त्यांनी जाळं खाली ठेवलं आणि विचारलं, “ओहोटी किती वाजता?”

दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. पंचमीची ओहोटी दहाच्या सुमाराला आणि तीही बेताची, म्हणजे छातीभर पाण्यात उभं राहून काम करायचं. मी कॅमेरा, तिपायी, काळी काच असा सगळा लवाजमा घेऊन बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर चढलो. शेजारी जमनाबाई, कठड्याच्या खाचेत मोबाइल टेकवून. खाली चार जणांनी प्रदीपरावांना बोटीतून पाण्यात उतरवलं. दोघांनी काखेत धरलं. त्यांनी पायानं तळ चाचपला, उत्तरेला एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं आणि हात वर केला. काठी आली. ती त्यांनी स्वतः धरली आणि बाकीच्यांनी वरून ठोकली. काठावर उभा असलेला सगळा गाव ओरडला. मीही ओरडलो, आणि मग आठवलं की काळी काच लावायची राहिली, कॅमेऱ्याचं बटणही दाबायचं राहिलं. माझ्याकडे त्या दिवसाचा एकही फोटो नाही.

बाईंचा मात्र चुकला नव्हता. झेंडा, माड, काळं पाणी आणि पाण्याच्या बरोबर मधे, छातीभर बुडालेले, तोंड समुद्राकडे केलेले प्रदीपराव.

एक ऑगस्टला सदतीस बोटी नव्या काठ्यांमधून बाहेर पडल्या आणि सगळ्या परतल्या. कोणाच्याही तळाला ओरखडा नाही.

पुढच्या आठवड्यात जमनाबाई दुकानात आल्या. “हा मोठा काडा, भाऊ. तीन फुटी.” मी काढला. जुनी फ्रेम परत आणली होतीच, तिच्यात घालायला निघालो तर म्हणाल्या, “थांबा.” त्यांनी प्रिंट उलटी केली, पेन मागितलं आणि नेहमीच्या सावकाश अक्षरात तिथी लिहिली, ‘श्रावण शुद्ध पंचमी’. तीन वर्षांत त्यांनी तिथीपुढे कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. या वेळी पेन उचललं नाही. खाली आणखी दोन शब्द लिहिले, ‘प्रदीप तांडेल’, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत उभ्या राहिल्या.