अमेरिकेची डिग्री, अकोल्याची नोकरी

चार मित्र जमले की हमखास म्हणतात, "तुझ्या त्या डिग्रीचं सांग ना." डिग्री एकच, आणि तीही कुठं चालेना. किस्से मात्र तिच्यावर साचतच गेले.

*

एकोणीसशे साठच्या आसपास मी अमेरिकेत शिकायला गेलो. तिथल्या कॉलेजात एक भलतीच सोय होती. घरी केलेल्या कामाची तोंडी परीक्षा घ्यायचे आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे मार्कच म्हणा, डिग्रीत धरायचे. मी ठोकून दिलं की वरूडला आमच्या बागेत संत्र्याची कलमं बांधलीत. झालं, बराचसा अभ्यास माफ!

घरी आल्यावर बाबांना हे मोठ्या ऐटीत सांगितलं. बाबा म्हणाले, "कलमं मी बांधली. तू सावलीत बसून सुतळी देत होता. तिचेबी मार्क देले काय त्याईनं?"

*

अकोल्याच्या एका कॉलेजात शेतकी शिकवायला लागलो, पण टेम्पररी. विद्यापीठ डिग्रीला मान्यता देईना, त्यामुळे दर मार्चला नोकरी सुटायची आणि जुलैत परत लागायची.

प्रिन्सिपॉल पुण्याचे. म्हणाले, "तिकडे हजेरी किती भरली होती?"

मी म्हटलं, "सर, काही विषयांत तिथं वर्गात न जाताही पास होता येतं."

"अहो, असे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. आपण त्यांना नोकरी देत नाही."

*

स्टाफरूममध्ये देशमुख नावाचा दोस्त होता. मी चहाचा कप उचलला की सगळ्यांदेखत विचारायचा, "काहून रे, याचे किती क्रेडिट?" मीही हसायचो. दुसरं काय करणार?

*

मुलगी पाहायला अमरावतीला गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "डिग्री अमेरिकेची, पण इथं मान्य नाही?"

"विद्यापीठाचा विचार चालू आहे."

"मंग आमचाबी चालूच राहू द्या." पोहे मात्र त्यांनी आग्रहानं दुसऱ्यांदा वाढले.

*

शेवटी प्रकरण संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलं. विद्यापीठाची मान्यता नसली तरी मला कायम करणं त्यांच्या हातात होतं. त्यांची अमरावतीजवळ संत्र्याची बाग होती आणि झाडांच्या खोडातून डिंक गळत होता. म्हणाले, "तुमाले बागेचेच मार्क भेटले न? मंग झाडं दुरुस्त करा, नोकरीचं पाहू."

मी खोडाभोवती गंभीरपणे दोन चकरा मारल्या, इंग्रजीत काहीतरी पुटपुटलो आणि मिळेल त्या एस.टी.नं वरूड गाठलं. बाबा आले. साल खरवडली, मोरचूद-चुन्याचा लेप दिला, खोडाला पाणी लागू नये म्हणून मातीची भर घातली. पावसाळा सरता सरता झाडांनी नवी पालवी धरली.

अध्यक्षांनी आम्हा दोघांना बागेत बोलावलं. झाडं पाहून खूश झाले आणि सरळ बाबांकडेच वळले, "भाऊ, हे कुठं शिकले तुमी?"

आता आपलं बिंग फुटणार, म्हणून मी मान खाली घातली.

बाबांनी धोतराला हात पुसले. "मी कायचा शिकतो, साहेब? पोरानं शिकवलं. अमेरिकेत शिकून आला न तो. आता त्याले परमनंट करून टाका."