दारं कोण धरतं

उसाच्या ट्रॉलीला चुकवताना ह्यांची मोटरसायकल घसरली आणि डोकं रस्त्यावर आपटलं. दौंडला डोक्याचा फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आत मार बसला असेल तर तो लगेच दिसेलच असं नाही. घरी लक्ष ठेवा. वागण्यात फरक वाटला तर सांगा." लक्ष ठेवा म्हणे! ठेवणारी मी एकटीच.

पंधरा दिवसांनी हे कांद्याला पाणी द्यायला गेले. वीस वर्षं दारं धरलेला माणूस. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं, एवढंच ते काम. मी भाकरी घेऊन गेले, तर पाणी वाफा फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात चाललेलं आणि हे फावडं धरून बघत उभे. "अहो, पाणी!" म्हणून ओरडले तर माझ्यावरच खेकसले. आजवर कधी आवाज चढवला नव्हता ह्यांनी. मी फावडं हिसकावून घेतलं, पाणी वळवलं आणि मग विहिरीच्या आडोशाला जाऊन पोटभर रडले.

शेजाऱ्याला सांगितलं, उंदरांनी बांध पोखरला. त्या दिवसापासून दारं मी धरायला लागले. हे बांधावर उभे राहायचे. घरी आल्यावर मी सासूबाईंना सांगायचे, "सगळा कांदा भिजवला ह्यांनी." आमच्या मांडवगणात डोक्याबद्दल एक शब्द निघायचा अवकाश, पारावरची माणसं त्याला येडं ठरवून मोकळी होतात. मी तो शब्द निघू दिला नाही. पण मग मला बोलायलाही कुणी उरलं नाही. बहिणीचा फोन आला तरी मी आपली कांद्याच्या रोपांचंच सांगत बसायचे.

दोन महिन्यांनी परत दौंडला गेलो. सोबत धाकटा दीर होता. डॉक्टरांनी विचारलं, काही फरक वाटतो का? मी तोंड उघडायच्या आत दीर म्हणाला, "काय न्हाई डॉक्टर, एकदम ओके हाय दादा. एकटा दारं धरतोय. वहिनीलाच विचारा की."

डॉक्टर लिहायला लागले. माझी थाप त्यांच्या कागदावर उतरत होती. बोलावं तर दिरासमोर नवऱ्याची अब्रू जाणार, गप्प बसावं तर ह्यांच्या डोक्यात काय झालंय ते कुणी बघणारच नाही.

"खोटं हाय ते," मी म्हणाले. "दारं मी धरते. ह्यांना जमत न्हाई आता."

ह्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"व्हय," हे म्हणाले. "फावडं हातात घेतलं की पुढं काय करायचं तेच सुचत न्हाई. हिला वाटतं, मला कळत न्हाई. म्हटलं, वाटू दे. तेवढाच हिला धीर."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं आणि नव्या तपासण्या लिहून दिल्या. परतीच्या जीपमध्ये मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, इतका राग आला होता. दोन महिने मला वाटत होतं की हे सगळं माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय. आणि हा माणूस माझ्यापासून दहा पावलांवर, बांधावर, एकटाच उभा होता.