बूटकाकांची हार्ड डिस्क

बूटकाका बिघडलेल्या कॉम्प्युटरला आधी हात लावत नसत. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसत आणि म्हणत, "आता एकदाच चालू कर." आपण घाबरून पुन्हा बटण दाबायला गेलो, की थांबवत. "डिस्क दुखावलेली असेल, तर दर वेळी आणखी दुखावते. आधी मला ऐकू दे."

केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले काका मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. लग्न केलेलं नव्हतं. कुणाचाही कॉम्प्युटर बूट होत नसला, म्हणजे चालूच होत नसला, की त्यांना बोलावणं जाई. म्हणून दिल्लीत वाढलेल्या आमच्या मराठी पोरांनी त्यांचं नाव 'बूटवाले काका' पाडलं. मोठ्यांनी त्याचं बूटकाका केलं. नव्या चौकीदाराने ते ऐकून एकदा तळ सुटलेला बूट त्यांच्यापुढे धरला. "अंकल, ये भी हो जाएगा?" काका म्हणाले, "रखो." संध्याकाळी फाटकाबाहेरच्या मोच्याकडून शिवून आणून दिला. खरं काय ते त्याला कधीच सांगितलं नाही.

माझी त्यांची ओळखही काळ्या पडलेल्या स्क्रीनमुळेच झाली. मी लग्न होऊन साताऱ्याहून आले होते. नवरा भल्या सकाळी फरीदाबादच्या कारखान्यात जाई. दिवसभर घरात मी आणि माझं भाषांतराचं काम. मराठी बोलायला अजून ओळखीचं कुणी नाही. एके दिवशी काम पोचवायचं होतं आणि कॉम्प्युटर म्हणू लागला, चालू होण्याजोगी डिस्कच सापडत नाही. मी रडकुंडीला आले. शेजारणीने काकांना बोलावलं. ते आले, बसले, कान देऊन ऐकलं आणि मागे खोचलेला पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात ठेवला. "बिचारा ह्याच्यावरून चालू व्हायला बघत होता. आता कर."

झाला चालू. मग जरा संकोचून म्हणाले, "घाई नसेल तर चहा टाकतेस?" घाई होती, तरी टाकला. चहा हीच त्यांची फी, हे नंतर कळलं. कप रिकामा झाला तरी ते तो लवकर खाली ठेवत नसत. उठताना मात्र प्रत्येक घरी बजावत, "दुसरी प्रत ठेवा हं."

त्यांनी स्वतः ठेवली नव्हती. मागच्या हिवाळ्यात ते दाराशी आले. "जरा वर येतेस? माझाच चालू होत नाहीये." त्यांच्या कॉम्प्युटरमधून टक्, टक् असा आवाज येत होता. केबल बदलून झाली होती, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून झाली होती. तिथेही ती दिसेना.

"गेली ही," ते म्हणाले.

त्या डिस्कवर फोटो होते. आमच्या मराठी मंडळींचे वीसेक वर्षांतले गणपती, कोजागिऱ्या, बारशी. बदल्या होऊन घरं पुण्या-नागपूरकडे पांगली होती आणि काका रोज संध्याकाळी एकेकाला पडद्यावर बघत बसत. "नावं विसरायला नकोत म्हणून गं," असं म्हणाले. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या दोन दुकानदारांनी डिस्क बघून हात टेकले.

"तुम्ही सगळ्यांना सीडी करून दिल्या होत्या ना? परत मागवू," मी म्हटलं.

"नको, यार. लोक आपापल्या कामात असतात."

तरी मी अकरा घरी फोन केले. चार घरांतून फोटो आले, तेही ज्याचे त्याने निवडून ठेवलेले: आपलं बाळ, आपल्या घरची आरती. काकांनी ते नव्या डिस्कवर चढवले आणि एक प्रत मला दिली. मधली कितीतरी माणसं नाहीशी झाली होती. "बरोबरच आहे," ते म्हणाले, "माणूस आपलंच ठेवणार."

मार्चमध्ये पुतण्या त्यांना अमरावतीला घेऊन गेला. पावसाळा संपता संपता त्याचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. "वहिनी, हार घालायला घरात एकही फोटो नाही. तुमच्याकडे असेल ना?"

"असणारच," म्हणून मी ती प्रत उघडली. दुपारभर एकेक फोटो बघितला. शेवटी एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात, लेन्सवर आलेला अंगठा सापडला. गुलाबी, धूसर.

मी पुतण्याला फोन लावला. "नाही हो," मी म्हटलं, "काका कुठेच नाहीत. सगळे फोटो त्यांनीच काढलेत."