आमच्या चिबात, आपल्या चिबात

माझी लेक जपानमध्ये, चिबा प्रांतातल्या उरायासु शहरात वाढली. मराठी चांगलं बोलते, पण एका शब्दाशी हमखास अडखळते. जपानीत 'आम्ही' आणि 'आपण' असा फरकच नाही, त्यामुळे जेवताना ती मला खुशाल सांगते, "आई, आमच्या चिबात शेंगदाणे खूप पिकतात." म्हणजे चिबा प्रांत हिचा, आणि मी पुण्याहून आलेली कोणी बाई! मी दर वेळी चिडते. "आपल्या म्हण. मीपण इथेच राहते."

गेल्या रविवारी वस्तीच्या मंडळाने चिबाचा इतिहास आणि लोकसंख्या यावर व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते म्हणजे शेजारच्या इमारतीतले आजोबा. तरुणपणी ते इथेच खाडीत शिंपल्या काढायचे. त्यांनी जुना नकाशा लावला. त्यात मी आमची इमारत शोधायला गेले तर तिथे निळा समुद्र. पुढे भराव पडला, जमीन वाढली आणि कुठून कुठून माणसं राहायला आली. मग लोकसंख्येचा तक्ता आला. जपानी लोक एका रंगात, आम्ही परदेशी दुसऱ्या. आजोबा माझ्याकडे बघून प्रेमाने म्हणाले, "आणि हे आमचे ओक्याकुसान." म्हणजे पाहुणे.

माझं डोकंच फिरलं. पाहुणा कधी इथल्या नियमाप्रमाणे दुधाचे खोके धुऊन, कापून, वाळवून कचऱ्यात देतो का? मंडळाच्या सफाईला गटारातला गाळ उपसतो का? मी उभी राहिले. लेकीने माझी बाही ओढली. "यामेते," ती पुटपुटली, नको ना. तिच्या वर्गातल्या मुली मागेच बसल्या होत्या. बसावं असं वाटलं, पण बसले नाही.

"या नकाशात माझं स्वयंपाकघर पाण्यात आहे," मी मोडक्या जपानीत म्हणाले. "तुमचंही पाण्यात आहे. मग इथले यजमान कोण? मासे?"

आजोबांनी नकाशाकडे वळून पाहिलं आणि हसायला लागले. "त्या यजमानांना तर आम्ही खाऊन टाकलं," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण उभीच राहिले.

"तर मग तो शब्द बदला."

"शेजारी चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल," म्हटलं आणि बसले.

घरी येताना लेक माझ्यापुढे झपाझप चालत होती, मागे वळून बघत नव्हती. माझा सगळा जोर ओसरला. आजोबांशी भांडता येतं. पोटच्या पोरीनेच परकं मानलं तर कुणाशी भांडायचं?

जुना समुद्राचा बांध आता घरांच्या मधोमध उभा आहे. तिथे ती थांबली.

"आई, तुझं जपानी भयंकर आहे."

"असू दे."

तिने बांधावर हात टेकला. "म्हणजे आपल्या चिबात समुद्र इथपर्यंत होता?"

सवयीने मी तिला दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. शब्द बरोबर होता.