पाचव्या माळेला आलेली बाई

दोन वर्षं मी देवीपुढं हात जोडले नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारा नास्तिक झाला. नास्तिक नव्हतो, रुसलो होतो. शिक्षण माझं चौथीपर्यंत, लिहायची सवय नाही. पण घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव किनवटकडं, जंगलाला लागून. नवरात्रात घरी घट बसतो. आमच्यात घटी बसणाऱ्या बाईनं नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही. माझी बायको चाळीस वर्षं घटी बसली. दोन वर्षांमागं तिसऱ्या माळेला तिला ताप भरला. गावातल्या डॉक्टरनं सुई दिली, ताप हटेना. पोरगा म्हणाला, नांदेडला नेऊ. ती म्हणाली, "घट उठू द्या, मग न्या कुठं न्यायचं तिथं." मी तिचीच बाजू घेतली. एवढी सेवा करणारीला देवी काय होऊ देते, असं मला वाटलं. आठव्या माळेला ती गेली. तेव्हापासून मी देव्हाऱ्याकडं पाठ करून जेवायचो. खरं सांगतो, राग देवीवर कमी अन् माझ्यावर जास्त होता. पण स्वतःवर रुसून माणसाचं भागत नाही.

यंदा सून घटी बसली. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "मामा, सासूबाईंचं मोडायचं न्हाई." चौथ्या माळेला तिला ताप भरला. डोळे लाल, डोकं फुटायला झालेलं. पोरगा म्हणाला, नेऊ. ही म्हणाली, घट उठू द्या. तेच शब्द. मी ओरडलो, ती रडली, पण उठेना. दिवा विझला तर घराला काय होईल, हीच तिला धास्ती.

पाचव्या माळेला सकाळी दारात एक बाई आली, सोबत गावची आशाताई. आशाताई म्हणाली, "ह्या मूळच्या लातूरच्या. परदेशात मोठ्या हुद्द्यावर हायेत. रोग होऊच नये म्हणून काय करायचं, ते देशोदेशीच्या सरकारांना सांगतात. आता तापानं गेलेल्यांची चौकशी करून राहिल्यात." माझं डोकं फिरलं. म्हणालो, "माणूस मेल्यावर इचारायला येता व्हय? जित्तं असताना कुठं होतात?"

बाई रागावली नाही. जमिनीवरच बसली. म्हणाली, "उशीर झालाच, बाबा. वीस वर्षं मी बैठका केल्या, कागद लिहिले. आपल्याच भागातला ताप राहून गेला. सांगा आता, पहिल्या दिवसापासून."

मी सांगत गेलो. दोन वर्षांत एवढं बारीक कुणी विचारलं नव्हतं. घटाची माती कुणी आणली? म्हणालो, तिनंच, घटाआधी आठ-दहा दिवस, रानातून, गुडघाभर गवतातून. अंगावर काही उठलं होतं? न्हाई म्हणालो. मग आठवलं. कमरेवर एक काळी खपली होती, बिडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती. धूप घालताना निखारा उडाला असंल म्हणून आम्ही खोबरेल लावलं. घटी बसणाऱ्या बाईला चटका दिसला तर घरचे दुसरं काय समजणार?

बाईचं लिहिणं थांबलं. तेवढ्यात आतून सून कण्हली. दोघी आत गेल्या, दार लोटून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा बाई म्हणाली, "हिच्या काखेत तसाच डाग आहे." गवतातला बारीक किडा चावतो, डोळ्याला दिसत नाही, त्याचा हा ताप. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. यंदाची माती सुनेनंच आणली होती. तिची गाडी दारातच होती.

मी विचारलं, "मग माझ्या बायकोला मीच मारलं का?"

"खोटं नाही सांगत. लवकर नेलं असतं तर वाचल्याही असत्या. पण तो डाग डॉक्टरनंही शोधला नाही. गावागावांत हे पोचवणं माझं काम होतं, बाबा. ते झालं नाही."

तिनं अर्धं ओझं उचललं, असं मला वाटलं.

तरी सून जागची हलेना. "मामा, दिवा कोण बघंल?"

"मी बघतो. घटी मी बसतो. तू ऊठ."

"तुम्ही? तुम्ही तर देवीशी बोलत न्हाई!"

"भांडण हाय, सोयरीक तुटली न्हाई. ऊठ."

तापातसुद्धा ती हसली, आणि उठली. पोरगा तिला बाईच्या गाडीतून नांदेडला घेऊन गेला.

पुढचे दिवस मी उंबरा ओलांडला नाही. वात सारायची, तेल घालायचं, माळ बांधायची. पहिली माळ सुटली, पुन्हा बांधली. सातव्या माळेला पोराचा फोन आला. "दादा, ताप उतरला. भाकर मागून राहिली." मी देव्हाऱ्यापुढं बसून पोरासारखा रडलो. बायको गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

देवीनं बायकोला अडवलं असंच मी धरून बसलो होतो. देवीनं कुणालाच अडवलं नव्हतं. "तू ऊठ, मी बसतो" एवढंच कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं, आणि तो कुणीतरी मीच होतो. हे कळून दुखलं. पण छातीवरचा धोंडा सरकला, श्वास नीट यायला लागला. ती बाई नेमकी पाचव्या माळेलाच का आली, मला ठाऊक नाही. मी विचारतही नाही. फोन आला त्या दिवशी देवीला एवढंच म्हणालो, माझं शहाणपण लई झालं, आई. तुझं तू बघ, मी तेल घालतो.