पश्चिमेची काच

आमच्या घराची भिंत पडली तेव्हा तिच्याखाली माझी मोठी बहीण होती. भूकंपाबद्दल मी एवढंच सांगते. त्याहून जास्त कुणी विचारलं तर विषय बदलते. पुढची काही वर्षं आम्ही गावाबाहेरच्या सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये काढली. उन्हाळ्याच्या दुपारी पत्रा तापला की आई आम्हाला घेऊन लिंबाखाली जाऊन बसायची. "घर भुईला मिळालं, आन वरून ह्यो तवा ठिवला," असं ती शेडकडे बघत म्हणायची. वैऱ्याच्या दाराकडे बघावं तशी बघायची.

बहिणीला इंजिनिअर व्हायचं होतं. तिच्या जागी वडिलांनी मला लातूरला नातेवाइकांकडे ठेवलं आणि फिजिक्सच्या शिकवणीला घातलं. सर तेव्हा भाड्याच्या एका खोलीत शिकवायचे. पहिल्याच दिवशी वडील त्यांच्यासमोर बहिणीचं सांगता सांगता रडले. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता ही पोरगी माझी जबाबदारी." ते शिकवायचे मात्र अप्रतिम, हे मी आजही नाकारत नाही. ऊन काचेतून आत येतं पण आतली उष्णता तेवढ्या सहज बाहेर जात नाही, हे मला त्यांनीच फळ्यावर शिकवलं होतं.

मी पुढे आर्किटेक्ट झाले आणि काही वर्षं पुण्याच्या एका ऑफिसात काम केलं. तिथं इमारत बांधण्याआधी ती कॉम्प्युटरमध्ये उभी करायचे. भिंती कशाच्या, खिडक्या कुठल्या दिशेला, आत माणसं किती, पंखे किती आणि त्या गावचं वर्षभराचं ऊन कसं, एवढं सगळं त्यात भरलं की कुठली खोली कुठल्या महिन्यात दुपारी किती तापणार आणि तिला थंड करायला किती वीज लागणार, ते दिसायचं. मला त्या कामाचं वेड लागलं. आईचा तवा मला आकड्यांत दिसायला लागला होता.

लग्नानंतर लातूरला परत आले तर शहर ओळखू येईना. मुखेडहून, कंधारहून, उदगीरहून एसटीच्या टपावर गाद्या नि ट्रंका टाकून पोरं उतरत होती. गल्लीगल्लीत होस्टेल आणि चौकाचौकांत निकालाचे फलक. आणि सर आता भाड्याच्या खोलीत राहिले नव्हते. त्यांना मोठ्या रस्त्यावर चार मजली इमारत बांधायची होती. त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी वडिलांना फोन करून सांगितलं, तेही हरखून गेले.

मी जीव ओतून काम केलं. रस्ता पश्चिमेला होता, म्हणून त्या बाजूला जिने, संडास आणि सामानाच्या खोल्या ठेवल्या, म्हणजे ऊन त्यांनी झेलावं. सांगाडा भूकंपाला टिकेल असा काँक्रीटचा. बाहेरची भिंत हलक्या विटांची, दुहेरी, मध्ये हवेची पोकळी. छतावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. मोठ्या कूलरची गरज अर्ध्याहून खाली येत होती.

बैठकीला सरांचे भागीदार, ठेकेदार आणि काही प्रतिष्ठित पालक होते. मी नकाशे लावले, बोलायला सुरुवात केली. सर पाचच मिनिटं थांबले.

"पुढून काच पाहिजे," ते म्हणाले. "रस्त्यावरून बघितल्यावर पोरांच्या बापाला वाटलं पाहिजे, हे काहीतरी मोठं आहे. आणि ह्या दुहेरी भिंती कशाला?"

"सर, ऊन अडवायला. वजनाला हलक्या आहेत, भूकंपाचा हिशेबसुद्धा..."

त्यांनी मला तोडलं आणि पालकांकडे वळून हसत म्हणाले, "हिची सख्खी बहीण जाड भिंतीखाली मेली बघा. तरी ही बाई आमच्या लेकरांच्या डोक्यावर जाड भिंतीच बांधायला निघाली. दुसरं कुणी असतं तर शहाणं झालं असतं."

दोघं-तिघं हसले. एक पालक हळहळल्यासारखं "अरेरे" म्हणाले. मी नकाशे गुंडाळले आणि निघाले. जिन्यात आले तेव्हा मला कळलं की मी रडत नाहीये. मनात म्हटलं, ह्या माणसाला मी घामानं भिजवीन आणि तेव्हा लोक बघत असतील.

माझ्या नकाशांची एक प्रत त्यांच्याकडे आधीच होती, ती त्यांनी ठेकेदाराला दिली. त्यातले जिने मागे ढकलले, भिंती एकेरी केल्या, खिडक्या बंद केल्या आणि पश्चिमेला खालपासून वरपर्यंत निळी काच लावली. वर कडी म्हणजे दाराशी संगमरवरी पाटीवर आर्किटेक्ट म्हणून माझं नाव कोरलं. पहिल्याच उन्हाळ्यात पोरांनी इमारतीला 'भट्टी' नाव ठेवलं. रेणापूरला एका लग्नात पंगतीत शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "ती भट्टी तुम्हीच बांधली म्हणे?"

मी सरांकडे गेले. नाव काढा म्हटलं. पोरांची कीव येत होती म्हणून हेही सांगितलं, की काचेच्या बाहेरून उभ्या पट्ट्या लावा आणि वर गरम हवा जायला झरोके पाडा, बराच फरक पडेल.

"शोभा जाईल ना," ते म्हणाले. "आणि नाव राहू दे गं. फुकटची जाहिरात होऊन राहिली तुझी."

त्यानंतर मी कामाला लागले. नणंदेची मुलगी नांदेडहून शिकायला आमच्याकडे आली होती, ती त्याच क्लासला होती. पालक म्हणून मला आत जाता येत होतं. प्रत्येक पालकसभेला मी पर्समध्ये छोटा तापमापक घेऊन गेले. कधी दुसऱ्या मजल्यावर बसले, कधी चौथ्यावर काचेला लागून. घरी येऊन सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं. माझ्या हिशेबातली भट्टी आणि खरी भट्टी जुळेपर्यंत मी थांबले नाही. कुठला कूलर नुसताच आवाज करतो, कुठल्या वर्गात दुपारी चारनंतर मेंदू चालणं शक्य नाही, सगळं मला पाठ झालं. वैऱ्याच्या इमारतीचा मी जितक्या मायेनं अभ्यास केला, तितका स्वतःच्या एकाही इमारतीचा केला नव्हता.

नवरा म्हणायचा, "सोड ना आता." मी सोडलं नाही.

भट्टीच्या बरोबर समोर एक मोकळा प्लॉट होता. गंजगोलाईच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं दुकान असलेल्या एका चाचांचा. त्यांना तिथं अभ्यासिका आणि वर मुलींचं होस्टेल काढायचं होतं. माझ्या कानावर येताच मी दुकानात जाऊन बसले. मागचे नकाशे दाखवले, सुधारलेले हिशेब दाखवले, मन लावून बोलले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटी, एक सांग," ते म्हणाले. "तू इमारत बांधून राहिली का भांडण?"

"दोन्ही, चाचा."

ते मोठ्यानं हसले. "भांडण पक्कं बांध मग. गळायला न्हाई पायजे."

मी पक्कं बांधलं. पश्चिमेची बाजू जिन्यांना दिली, मध्ये उघडा चौक ठेवला, खिडक्यांवर खोल सज्जे काढले आणि प्रत्येक मजल्यावर छताजवळ झरोके ठेवले. संध्याकाळी ते उघडायचे, रात्रभर गार हवा आत घ्यायची, सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद करायचं. एसी फक्त दोन खोल्यांना. परळीच्या वीज केंद्रात जळणारा कोळसा होस्टेलच्या पोरींच्या खोल्या गार करायला कमीत कमी जळावा, हेही मनात होतं. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त मनात समोरची निळी काच होती.

पहिला उन्हाळा आला आणि मी तोंडघशी पडले. अभ्यासिका तापली. भट्टीएवढी नाही, पण माझ्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त. सर कुणाला तरी म्हणाले, "थंड इमारत म्हणे! फिजिक्स माझ्याकडं शिकली, पण अर्धंच." ते माझ्यापर्यंत पोचेल याची त्यांनी काळजी घेतली होती.

मी रोज तिथं जाऊन बसायला लागले. कॉम्प्युटरमधली इमारत नीट वागत होती, खरी वागत नव्हती. मग मधे काय चुकत होतं? चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी कळलं. डास येतात म्हणून मुली झरोके लावून घेत होत्या. सकाळी साफसफाईला आलेल्या बायका धूळ बाहेर जावी म्हणून सगळं उघडायच्या आणि ते दिवसभर तसंच राहायचं. म्हणजे जे करायचं त्याच्या नेमकं उलट चाललं होतं. मी किल्ली देऊन मोकळी झाले होते. इमारत चालवायची कशी, हे कुणालाच नीट सांगितलं नव्हतं.

झरोक्यांना जाळ्या बसवल्या. तिथं राहणाऱ्या रखवालदाराच्या बायकोला, तिला आम्ही वहिनी म्हणायचो, सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे सांजच्याला उघडायचं, सकाळी लावायचं. आधी सांगायचं की वो ताई!" मुलींनाही बसवून कारण सांगितलं. आठवडाभरात खोल्यांचं तापमान उतरलं. दुपारी बाहेरून आलेला माणूस चौकात पाऊल टाकताच "हुश्श" म्हणायचा. तो आवाज मी कान देऊन ऐकायचे.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शहराला पाणी मिळेना. टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं, कूलरमध्ये कोण ओतणार? भट्टीतले कूलर कोरडे फिरायला लागले. सरांनी घाईघाईनं सगळ्या वर्गांना एसी लावले. तो भार वायरिंगला झेपेना. ऐन परीक्षेच्या तोंडावर एका दुपारी धूर निघून सगळं बंद पडलं. काच उघडत नव्हती. चौथ्या मजल्यावर एक मुलगी चक्कर येऊन पडली. पोरं वह्या घेऊन खाली पळाली आणि रस्ता ओलांडून चाचांच्या चौकात येऊन बसली. झरोके बघायला आलेली मी वरच्या, रस्त्याकडच्या कठड्याशी उभी होते. वहिनी माठ भरून आणत होती. पोरगी सुखरूप आहे हे कळल्यावर मी समोर बघितलं. निळ्या काचेखाली सर एकटेच उभे होते, शर्ट अंगाला चिकटलेला. मला आनंद झाला. अगदी पोटातून झाला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. पालक फी परत मागत होते. "येऊन बघ जरा," ते म्हणाले.

"येते. दुपारी तीनला. चौथ्या मजल्यावर बोलू."

"माझ्या केबिनमध्ये बस ना, तिथं..."

"चौथ्या मजल्यावर, सर."

ते आले. मी त्यांना काचेला लागून शेवटच्या बाकावर बसवलं आणि फळ्यापाशी उभी राहिले. एक एक वर्ग घेऊन, काय चुकलं आणि का, हे सावकाश समजावून सांगितलं. त्यांच्या कपाळावरून घाम गालावर आणि गालावरून कॉलरवर उतरत होता. मीही भिजत होते, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मधे ते म्हणाले, "बास कर, कळलं. किती घेशील?"

"माझी फी नेहमीचीच," मी म्हणाले. "पण आधी दोन गोष्टी. पाटीवरचं नाव उद्या निघालं पाहिजे. आणि त्या बैठकीत माझ्या बहिणीबद्दल जे बोललात, ते चूक होतं, हे सगळ्या पोरांसमोर आणि पालकांसमोर सांगायचं."

"इतकं जुनं धरून बसलीस?"

"हो."

त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग म्हणाले, "माझं वय बघ."

"माझ्या बहिणीला वय मिळालं नाही, सर."

पालकसभा खाली पत्र्याच्या मांडवात झाली. मी पहिल्या रांगेत बसले, वडिलांना शेजारी घेऊन. सर उभे राहिले. त्यांनी इमारतीचं सांगितलं, काच आपल्याच हट्टामुळे लागली हे सांगितलं. मग माझ्या वडिलांकडे बघून म्हणाले, "ह्यांच्या मेलेल्या लेकीचं नाव घेऊन मी ह्यांच्या जित्या लेकीला हिणवलं. ते पाप झालं." वडिलांनी हात जोडले. ते पहिल्यापासून मऊच. मी हात जोडले नाहीत.

वडील परतताना रिक्षात म्हणाले, "झालं आता. माफ कर."

"काम करून देते," मी म्हणाले. "माफ करत न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीत काच उतरवली. तिथं पोकळ विटांची भिंत, छोट्या खिडक्या, वर झरोके आणि बाहेर उभ्या पट्ट्या आल्या. वायरिंग नवं झालं. अर्ध्याहून जास्त एसी काढून टाकले, ते सरांनी नांदेडच्या कुणाला तरी विकले. इमारत आता चांगली चालते. पोरं भट्टी म्हणत नाहीत, नुसतं बिल्डिंग म्हणतात. पण ती चालवायची तर दरवर्षी चैत्रात कुणाला तरी येऊन झरोके, पट्ट्या, पंखे तपासावे लागतात, माणसं बदलली की पुन्हा शिकवावं लागतं. ते काम मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

मी गेले की शिपाई आत जाऊन सांगतो, "मॅडम आल्यात." सर केबिनमधून बाहेर येत नाहीत. दार आतून हळूच लागल्याचा आवाज येतो. मी सगळे मजले फिरते, घाई करत नाही. काम संपल्यावरही थोडा वेळ त्या दाराबाहेरच्या खुर्चीवर बसून पाणी पिते, आणि मग जाते.