हरिबानानांच्या दोन कॉइली

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं हरिबानाना शिंद्यांचं दुकान आहे. जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरून द्यायची, हे काम. माणूस कामाला वाघ, पण चूक कबूल करायची म्हटली की दातखीळ बसायची. "पस्तीस वर्षांत आपली मोटार माघारी आली न्हाई," हे गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत दोनदा तरी ऐकवणार. ज्या दोन-चार आल्या, त्यांचं खापर नानांनी लाइटवर फोडलं होतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्या पुतणीनं, शिवांजलीनं, काम आणलं तेव्हा तर गडी लयच फुगला. तिकडं अणू गार करून धरतात म्हणे. नखाएवढ्या चिपवर केसाहून बारीक सोन्याच्या तारा. त्यांतून करंट सोडला की चुंबकाचा जोर तयार होतो. त्या जोरावर अणू चिपच्या वर अधांतरी राहतात आणि तारेच्या वाटेनं पुढंही नेता येतात. त्यासाठी चिपच्या दोन बाजूंना तांब्याच्या दोन कॉइली हव्यात, एकाच दिशेला जोर लावणाऱ्या. नानांनी मान डोलावली आणि अशा देखण्या कॉइली भरून, एकमेकींना जोडून दिल्या की एक वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसेल तर शपथ.

महिन्याभरानं, रविवारी सकाळी, शिवांजली त्याच कॉइली पिशवीत घेऊन दुकानात हजर झाली.

"नाना, अणू थांबतच न्हाईत. बाकी सगळं तपासलं. सर आता परदेशातनं कॉइली मागवणार. त्याला सहा महिने लागतील, आणि माझी मुदत चार महिन्यांत संपते."

"तुमच्याकडची लाइटच..." नाना सवयीनं सुरू झाले. मोटार न्यायला आलेला भिलवडीचा नाथाजी बाकावर बसून कान टवकारून ऐकत होता. नानांनी मीटर लावला. तार कुठं तुटलेली नव्हती, कुठं चिकटलेली नव्हती. पण पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं त्यांना दिसलं, आणि लाइटचं नाव त्यांनी सोडून दिलं.

त्यांनी होकायंत्र काढलं. दोन्ही कॉइलींच्या बरोबर मधे ठेवून करंट सोडला. काटा हलला नाही. एकीजवळ नेला तर एकीकडं वळला, दुसरीजवळ नेला तर उलटीकडं. नानांना चूक उमगली. मोटारीत शेजारच्या कॉइली उलट्या जोडाव्या लागतात, शेवटाला शेवट. पोरीनं बजावून सांगितलं होतं, पण हात पस्तीस वर्षांच्या सवयीनं चालला. दोन्ही कॉइलींचा जोर मधोमध एकमेकींना खाऊन टाकत होता.

"चुकलं गं माझं," नाथाजीच्या देखत नाना म्हणाले. टेप सोडली, जोड सुलटा केला, सोल्डरचा डाग दिला. मधला काटा झटक्यानं फिरला. बरं वाटलं त्यांना, जीव हलका झाला.

गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. काळ्या पडद्यावर पांढुरका ठिपका दिसत होता.

"नाना, हे लाखभर अणू. एक सेकंद थांबले."

"एकच?"

"आधी थांबतच न्हवते की." ती हसत होती, डोळे पुसत होती. "सरांनी विचारलं, काय बिघडलं हुतं. मी तुमचं नाव राखलं. म्हटलं, जोड जरा ढिला हुता."

नानांचा चेहरा पडला.

"ढिला? हरिबाचा जोड कवा ढिला नसतो. जा, सरास्नी सांग, उलटा हुता म्हणून."